दोन्हीकडून दलाली घेणारा एजंट नेमका कोणाचा? (गोविंदनगरमधील फ्लॅटची विक्री)

गोविंदनगरकर (प्रश्न)

नमस्कार. नाशिकमध्ये गोविंदनगरला आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. वडील गेल्यानंतर तो आईच्या नावावर झाला. इमारतीला लिफ्ट नाही, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आईचे दोन्ही गुडघे दुखतात. त्यामुळे तो विकून तिला पुण्यात माझ्याजवळ आणायचे ठरले. मी नोकरीमुळे दर आठवड्याला नाशिकला येऊ शकत नाही, म्हणून शेजाऱ्यांच्या ओळखीतल्या एका एजंटकडे काम सोपवले. लेखी काही केले नाही. त्यांनी चावी घेतली, फोटो काढले आणि दलाली दोन टक्के असेल असे सांगितले, त्याला आम्ही हो म्हटले. आमची अपेक्षा 62 लाखांची आहे आणि पुण्यातल्या घराचा हप्ता भरायचा असल्याने रक्कम मार्चअखेर हातात हवी, हे मी त्यांना विश्वासाने सांगितले होते.

दीड महिन्याने त्यांनी एक कुटुंब आणले आणि "57 च्या वर कोणीच जायला तयार नाही, बाजार थंड आहे" असे सांगून तोच भाव घ्यावा असा आग्रह धरला. आम्ही मान्य केले. 1 लाखाचा टोकनचा चेक घेतला आणि एजंटने तयार करून आणलेल्या पावतीवर आईने सही केली. साठेखत अजून झालेले नाही. त्या बैठकीत घेणारे गृहस्थ सहज बोलून गेले, "तुम्हाला मार्चच्या आत पैसे हवेत असे कळले होते, म्हणून आम्ही 57 वर ठाम राहिलो." ते कोणाकडून कळले, हे विचारायचे भान मला त्या वेळी राहिले नाही.

पाच दिवसांनी खालच्या मजल्यावरचे काका भेटले. आपल्या मुलासाठी हाच फ्लॅट त्यांना 61 लाखांना हवा होता आणि टोकनच्या चार दिवस आधी त्यांनी एजंटला तसा व्हॉट्सॲप संदेशही पाठवला होता. त्यांना "फ्लॅट गेला" असे उत्तर मिळाले. तो संदेश मी तारखेसह पाहिला आहे. एजंटला जाब विचारल्यावर त्यांनी मान्य केले की काका दलाली द्यायला तयार नव्हते आणि आताचे खरेदीदार मात्र त्यांना दोन टक्के देणार आहेत. आमच्याकडूनही त्यांना दोन टक्के, म्हणजे 1 लाख 14 हजार रुपये हवेच आहेत. वर त्यांचे म्हणणे असे, की "मी मध्यस्थ आहे, मी कोणा एकाचा नसतो."

शिवाय आईला निबंधक कार्यालयात जिने चढावे लागू नयेत म्हणून त्यांच्या कार्यालयातल्या एका माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) करून द्यावे, असे ते सुचवत आहेत.

हा एजंट कायद्याने आमचा होता की नाही? असेल तर त्याची आमच्याप्रति काय कर्तव्ये होती? दलाली देणे बंधनकारक आहे का, आणि तक्रार महारेराकडे (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) करावी का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दिवाणी वकील, नाशिकरोड

ताई, तुमच्या एजंटच्या एका वाक्यात सगळे प्रकरण सामावले आहे: "मी कोणा एकाचा नसतो." नाशिकमध्ये हे वाक्य इतक्या सहजपणे बोलले जाते की आपल्यालाही ते खरे वाटू लागते. कायदा वेगळ्या बाजूने पाहतो. भारतीय करार अधिनियम, 1872 चे दहावे प्रकरण, म्हणजे कलम 182 ते 238, संपूर्णपणे अभिकर्ता आणि प्रधान यांच्या नात्याबद्दल आहे. एखाद्याने आपल्या वतीने काही काम करण्यासाठी किंवा तिसऱ्या व्यक्तीशी व्यवहार करताना आपले प्रतिनिधित्व करण्यासाठी ज्याला नेमले तो अभिकर्ता आणि नेमणारा तो प्रधान, अशी कलम 182 ची व्याख्या आहे. हे नाते लेखीच असले पाहिजे असे नाही. ते शब्दांतून किंवा वागणुकीतूनही सिद्ध होते आणि कलम 185 नुसार त्यासाठी मोबदल्याचीही गरज नसते. तुम्ही चावी दिली, भाव सांगितला, दलाली कबूल केली आणि त्यांनी त्यानुसार काम सुरू केले. त्या क्षणापासून ते तुमच्या आईंचे अभिकर्ते झाले. पुढे खरेदीदाराने त्यांना काही द्यायचे कबूल केले म्हणून हे पहिले नाते पुसले जात नाही. एजंट कोणाचा हे ठरवताना दलाली कोणाच्या खिशातून आली याला फारसे महत्त्व नसते. काम कोणी सोपवले आणि कोणाच्या सूचनेनुसार तो वागत होता, हे पाहिले जाते.

आता कर्तव्ये. प्रधानाच्या सूचनांप्रमाणे काम करणे (कलम 211), त्या धंद्यातल्या माणसाकडून अपेक्षित असलेले कौशल्य आणि तत्परता दाखवणे व स्वतःच्या हलगर्जीपणातून किंवा गैरवर्तनातून थेट झालेले नुकसान भरून देणे (कलम 212), मागितल्यावर हिशेब देणे (कलम 213) आणि अडचणीच्या प्रसंगी प्रधानाशी संपर्क साधून त्याच्या सूचना घेण्याचा प्रयत्न करणे (कलम 214), ही त्यांतली मुख्य. 61 लाखांचा प्रस्ताव हाती असताना तो मालकापासून लपवणे आणि 57 च्या वर कोणी जात नाही असे सांगणे हे या सर्वांच्या विरुद्ध आहे. काका दलाली देणार नव्हते, ही एजंटची अडचण होती, तुमच्या आईंची नव्हती. त्यांनी दोन्ही प्रस्ताव तुमच्यासमोर ठेवून "काकांकडून मला काही मिळणार नाही, तेव्हा माझे तुम्ही पाहा" असे म्हटले असते, तर त्यात गैर काहीच नव्हते. मार्चची गोष्ट समोरच्याला सांगणे हेही तितकेच गंभीर आहे, कारण भाव ठरवताना ज्या माहितीमुळे तुमची बाजू लंगडी होते ती माहिती ज्याला विश्वासाने सांगितली त्यानेच ती समोर नेऊन ठेवली. फक्त, ती कोणी सांगितली याचा पुरावा आज तुमच्याकडे नाही, हे लक्षात ठेवा.

येथे एक सावधगिरीची सूचना. अनेक जण तुम्हाला कलम 215 सांगतील. मालकाने मालमत्ता विकायला सांगितली आणि एजंटने ती दुसऱ्याच्या नावावर स्वतःच विकत घेतली, हे त्या कलमाखालचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अशा वेळी एजंटने महत्त्वाची बाब अप्रामाणिकपणे लपवली किंवा व्यवहार मालकाला तोट्याचा ठरला असे दाखवता आले, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. कलम 216 खालचे उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे: घर विकत घेण्यासाठी नेमलेला एजंट "ते मिळत नाही" असे सांगून स्वतःच घेतो, तेव्हा मालक त्याला त्याच किमतीत ते घर आपल्याला विकायला भाग पाडू शकतो. मात्र ही कलमे एजंट स्वतःच्या फायद्यासाठी स्वतःच व्यवहारात उतरतो तेव्हाची आहेत. तुमचा खरेदीदार खरोखरच तिऱ्हाईत कुटुंब असेल तर 215 चा आधार घेऊन विक्री मोडता येईल, असे मी म्हणणार नाही.

म्हणूनच टोकन परत करून मोकळे होण्याची घाई करू नका. त्या पावतीत फ्लॅटचे वर्णन, किंमत आणि मुदत असेल, तर तिला विक्रीचा करार मानले जाण्याची शक्यता आहे. आणि विशिष्ट अनुतोष अधिनियमात 2018 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर, कराराची प्रत्यक्ष अंमलबजावणी मागणाऱ्याची बाजू पूर्वीपेक्षा भक्कम झाली आहे. निष्पाप खरेदीदाराशी भांडण ओढवून घेतले तर नुकसान करणारा एजंट बाजूला राहील आणि न्यायालयाच्या फेऱ्या आईंच्या वाट्याला येतील. पावतीची प्रत पाहिल्याशिवाय याहून ठामपणे सांगता येणार नाही.

दलालीबाबत मात्र तुमची बाजू बळकट आहे. कलम 220 स्पष्ट सांगते की ज्या कामात अभिकर्त्याने गैरवर्तन केले, त्या कामाच्या त्या भागाबद्दल त्याला मोबदला मागण्याचा अधिकार राहत नाही. खरेदीदाराकडून दोन टक्के घेणार असल्याचे त्यांनी तुम्हाला आधी सांगितले नव्हते, हाही मुद्दा एजंटला पाठवायच्या नोटिशीत घाला. दोन्ही बाजूंचे काम एकाच माणसाने करणे आपल्याकडे सरसकट निषिद्ध नाही. पण दोघांनाही ते ठाऊक हवे आणि दोघांची संमती हवी.

कुलमुखत्यारपत्राबद्दल स्वतंत्रपणे लिहितो. तूर्त एवढेच, की ते करू नका.

पाथर्डी फाटा

माझा अनुभव नव्या इमारतीतल्या फ्लॅटचा आहे, त्यामुळे तो तुमच्या प्रश्नाला तंतोतंत लागू होणार नाही, पण एजंट कोणाचा हा गोंधळ तिथेही तोच होता. ज्या गृहस्थांनी आम्हाला तीन शनिवार स्वतःच्या गाडीतून इमारती दाखवत फिरवले, चहा पाजला आणि "ताई, मी तुमच्यासाठी बिल्डरशी बोलतो" असे सांगितले, त्यांना आम्ही आपला माणूस समजत होतो. ते बिल्डरचे चॅनेल पार्टनर होते आणि त्यांचा मोबदला बिल्डरकडूनच येणार होता, हे आम्हाला बुकिंगनंतर कळले. त्यात बेकायदेशीर काहीच नव्हते. चूक आमची इतकीच, की आम्ही आमची कमाल मर्यादा पहिल्याच शनिवारी त्यांना सांगून टाकली होती.

त्यांनी आमच्याकडे नोंदणीकृत करारापूर्वीच किमतीच्या 20 टक्के रक्कम मागितली होती. माझ्या भावाने स्थावर संपदा कायदा वाचलेला होता. त्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत विक्री करार केल्याशिवाय प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, असे त्याने दाखवून दिल्यावर ती मागणी मागे घेतली गेली. याच कायद्याचे कलम 10 एजंटची कामे सांगते. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातली विक्री त्याने करून देऊ नये, हिशेबाच्या वह्या ठेवाव्यात, खोटी किंवा दिशाभूल करणारी विधाने करू नयेत आणि बुकिंगच्या वेळी ग्राहकाला हक्काने मिळावयाची सगळी माहिती व कागदपत्रे मिळतील अशी व्यवस्था करावी. आमच्याकडे ही कागदपत्रे मागितल्याशिवाय आली नाहीत.

सतरा वर्षे एजंट

मी याच व्यवसायात आहे, तेव्हा माझे बोलणे एकतर्फी वाटेल, तरीही लिहितो. प्रश्नातल्या एजंटने जे केले ते चुकीचेच आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. प्रस्ताव लपवणे म्हणजे धंद्याच्या मुळावर घाव घालणे आहे. पण दोन्हीकडून दलाली घेणे म्हणजे आपोआप फसवणूक, असा सूर निघतो आहे, त्याबद्दल थोडे सांगायचे आहे.

आपल्या शहरात जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात दोन्ही बाजूंकडून साधारणपणे एक ते दोन टक्के घेण्याची पद्धत आहे आणि ती बहुतेक ग्राहकांना आधीपासून माहीत असते. मी स्वतः दोन्हीकडून घेतो, मात्र पहिल्या भेटीतच दोघांनाही सांगतो आणि एका पानावर दोघांच्या सह्या घेतो. त्या पानावर एक वाक्य ठळक असते: कोणताही प्रस्ताव आला तर तो रकमेसह मालकाला त्याच दिवशी कळवला जाईल. हे वाक्य शहाणपणातून आलेले नाही. पंचवटीतल्या एका रो-हाऊसच्या व्यवहारात मी एक कमी भावाचा प्रस्ताव "हा काही कामाचा नाही" असे स्वतःच ठरवून मालकाला सांगितला नव्हता आणि नंतर तोच सर्वांत चांगला ठरला असता. त्या मालकांनी मला एक शब्दही सुनावला नाही, पण पुन्हा फोनही केला नाही.

खरी घाण जमिनीच्या व्यवहारात आहे. आडगाव किंवा मखमलाबादकडे एखादा गट दाखवायला गेलो तर गाडीत पाच माणसे असतात. त्यांतला एक मालकाचा, एक घेणाऱ्याचा आणि उरलेले तिघे एकमेकांचे फोन नंबर माहीत असल्याबद्दल दलाली मागणारे. मालकाला विचारा, त्याने यांतल्या एकालाच सांगितलेले असते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे नेट भाव. मालकाला "तुम्हाला हातात किती हवेत तेवढे सांगा, वरचे आमचे" असे म्हणायचे आणि घेणाऱ्याला वाटेल तो आकडा सांगायचा. सुरुवातीच्या वर्षांत हे मीही केले आहे. त्यात मालक खूश असतो, कारण त्याला हवे तेवढे मिळाले. आणि घेणारा खूश असतो, कारण त्याला मधला फरक माहीत नसतो. खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायऱ्यांवर दोघे सहज गप्पा मारू लागले की तो आनंद संपतो.

आता आमची बाजू. आम्ही चार महिने माणसे फिरवायची, पेट्रोल जाळायचे, सोसायटीचे ना हरकत पत्र आणायला चकरा मारायच्या आणि ज्या दिवशी भाव जुळतो त्या दिवशी मालक आणि घेणारा परस्पर भेटून "एजंटची गरजच काय होती" म्हणतात. वकीलसाहेब, कर्तव्ये फक्त आमचीच असतात का?

दिवाणी वकील, नाशिकरोड

नाही, प्रधानाचीही असतात. एजंटने कायदेशीर रीतीने केलेल्या कामाचे परिणाम भोगावे लागले तर त्याची भरपाई मालकाने करायची असते (कलम 222). वेगळे काही ठरले नसेल तर कलम 219 नुसार काम पूर्ण झाल्यावर मोबदला देय होतो. त्यामुळे तुम्ही घडवून आणलेल्या ओळखीतूनच विक्री झाली असेल, तर शेवटच्या आठवड्यात तुम्हाला वगळून सही केल्याने मालकाची सुटका होत नाही. अशा दाव्यांत प्रश्न पुराव्याचा असतो, आणि तुमचे ते एक पान तिथे बहुतेक साक्षीदारांपेक्षा उपयोगी पडेल.

गाडीतल्या पाच माणसांबद्दल: जे काम एजंटने स्वतः करायचे मान्य केले, ते दुसऱ्यावर सोपवण्याचा अधिकार त्याला सहसा नसतो. धंद्याच्या रूढीप्रमाणे किंवा कामाच्या स्वरूपामुळे उप-अभिकर्ता नेमता येतो, पण मग त्याच्या कृत्यांबद्दल मालकाला जबाबदार पहिला एजंटच राहतो. नेट भावाच्या पद्धतीत तर एजंटला मालकासाठी चांगला भाव मिळवायचा आहे की स्वतःसाठी फरक मिळवायचा आहे, हेच कळेनासे होते. मालकाने सर्व आकडे समजून ते मान्य केले असेल तर गोष्ट वेगळी. मात्र "हातात किती हवेत" एवढ्याच प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे अशी संमती नव्हे.

मालकांनी ध्यानात घ्यावी अशी आणखी एक बाब आहे, जिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. कलम 238 नुसार, एजंटने त्याच्या अधिकाराच्या कक्षेत काम करताना केलेली फसवणूक किंवा खोटे प्रतिपादन मालकानेच केल्यासारखे धरले जाते. "गच्चीतून पाणी गळत नाही" असे एजंटने खरेदीदाराला ठोकून दिले तर त्याचे उत्तर तुमच्या आईंनाही द्यावे लागू शकते. शिवाय मालमत्तेतला किंवा हक्कातला महत्त्वाचा दोष, जो घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो उघड करणे हे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार विक्रेत्याचे स्वतःचे कर्तव्य आहे. तेव्हा ताई, तुमच्या एजंटने समोरच्यांना काय काय सांगितले आहे, तेही एकदा विचारून घ्या.

आता मुखत्यारपत्र. त्याने जे केले जाईल ते आईंनी केल्यासारखेच धरले जाईल. आणि ज्याने 61 लाखांचा आकडा लपवला त्याच्या माणसाच्या हातात सहीचा अधिकार देण्याचे कारण मला दिसत नाही. पुन्हा त्यात मोबदला घेतल्याची किंवा मुखत्याराचा मालमत्तेत हितसंबंध असल्याची वाक्ये कोणी घुसडली, तर कलम 202 चा आधार घेऊन ते रद्दच करता येत नाही असा वाद उभा केला जाऊ शकतो. केवळ मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले, तरीही अशा कागदांवरची भांडणे थांबलेली नाहीत. आईंना जिने चढता येत नसतील तर नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 31 मध्ये सोय आहे: विशेष कारण दाखवल्यास नोंदणी अधिकारी घरी येऊन दस्त स्वीकारू शकतो. आपल्याकडे याला गृहभेट म्हणतात. त्यासाठी अर्ज आणि शुल्क लागते, सोबत वैद्यकीय दाखला जोडावा. मुखत्यारपत्र करायचेच झाले तर ते तुमच्या नावे, याच एका फ्लॅटपुरते आणि मोजक्या अधिकारांचे करावे.

महारेराबद्दल: तो मार्ग तुम्हाला बहुधा उपलब्ध नाही. 2016 च्या स्थावर संपदा कायद्यातली एजंटची व्याख्या नोंदणीयोग्य प्रकल्पातल्या विक्रीभोवती बांधलेली आहे. कलम 9 ची नोंदणी, कलम 10 ची कर्तव्ये आणि त्यांच्या उल्लंघनाबद्दल कलम 62 मधला दिवसाला 10 हजार रुपयांचा, एकूण किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत वाढू शकणारा दंड, हे सगळे पाथर्डी फाट्याच्या ताईंसारख्या ग्राहकांच्या कामाचे आहे. एका व्यक्तीने दुसरीला जुना फ्लॅट विकण्याला ते सहसा लागू होत नाही. तुमच्या एजंटकडे महारेराचा क्रमांक आणि सक्षमता प्रमाणपत्र असले तरी त्याने हे चित्र बदलत नाही. तुमच्यासाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अधिक उपयोगी आहे. मोबदला दिलेला असो वा नुसता कबूल केलेला, सेवा घेणारा ग्राहकच असतो आणि प्रस्ताव लपवणे ही सेवेतली त्रुटी म्हणून मांडता येईल. तक्रार जिल्हा आयोगाकडे, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत.

कॉलेज रोड

एक छोटी भर. माझा मुलगा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतो. त्याने घर घेतले तेव्हा मला कळले की तिथे एकाच एजंटने विकणारा आणि घेणारा या दोघांचाही वकील असल्यासारखे वागणे कायद्याने वर्ज्य आहे; दोघांच्या मध्ये राहून काम करायचे तर तो "ट्रान्झॅक्शन ब्रोकर" ठरतो आणि हे लेखी कळवावे लागते. ऑगस्ट 2024 पासून तर तिथल्या रिअल्टर संघटनेने दाव्यात केलेल्या तडजोडीमुळे, एजंटसोबत घर पाहायला जाण्यापूर्वीच खरेदीदाराला त्याच्याशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात मोबदला नमूद असतो. आपल्याकडे आधी चावी आणि मग ओळख, असा क्रम आहे.

सतरा वर्षे एजंट

तसा कागद इथे पुढे केला की ग्राहक म्हणतो, "अहो, आधी फ्लॅट तर दाखवा." माझे दहातले चार ग्राहक याच कारणाने शेजारच्या एजंटकडे जातात. तरी मी ते पान सोडलेले नाही.

गोविंदनगरच्या ताईंना एक व्यावहारिक सूचना: एजंटला फोनवर बोलू नका, लिहून विचारा. कोणकोणत्या तारखांना कोणकोणते प्रस्ताव आले आणि कोणाकडून किती दलाली ठरली आहे, हे दोनच प्रश्न. कर्तव्याला धरून चालणारा एजंट अर्ध्या तासात उत्तर देतो. आणि टोकनपैकी काही रक्कम रोख दाखवण्याचा आग्रह कोणी धरला तर ऐकू नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घेणे आयकर कायद्याला मान्य नाही, आणि दंड घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या आईंना बसतो.

गोविंदनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधल्या काळात बरेच घडले.

वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे पावती एका परिचित वकिलांना दाखवली. तिच्यात फ्लॅटचा क्रमांक, 57 लाखांची किंमत आणि 60 दिवसांची मुदत हे सगळे होते, त्यामुळे खरेदीदारांशी केलेला व्यवहार न मोडण्याचा सल्ला त्यांनीही दिला. ते कुटुंब साधे आहे. काकांच्या प्रस्तावाची त्यांना कल्पना नव्हती; मार्चची गोष्ट मात्र एजंटनेच पहिल्या भेटीत सांगितली होती, हे त्यांनी स्पष्टपणे मान्य केले. गच्चीबद्दलही विचारले. गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओल आली होती, ती एजंटने सांगितलेली नव्हती. मी स्वतः सांगितली आणि दुरुस्तीचे 40 हजार रुपये किमतीतून वजा करायचे आम्ही दोघांनी ठरवले. आईला ते फारसे पटले नाही. "ओल आपल्या घरात आली, सांगायची आपणच, हे बरोबर, पण भावही आपणच खाली आणायचा का?" असा तिचा सवाल होता.

एजंटला दोन प्रश्न लिहून पाठवले. अर्ध्या तासात नव्हे, चौथ्या दिवशी उत्तर आले. 61 लाखांचा प्रस्ताव आल्याचे त्यांनी लेखी मान्य केले आणि "काका गंभीर वाटले नाहीत" असे कारण दिले. नोटीस गेल्यावर त्यांनी आमच्याकडची दलाली सोडत असल्याचे कळवले. उरलेल्या नुकसानीसाठी आयोगाकडे जायचे की नाही, याचा निर्णय खरेदीखत झाल्यावर घेणार आहोत. व्हॉट्सॲप संदेशाची प्रत आणि एजंटचे ते पत्र काकांच्या लेखी निवेदनासह जपून ठेवले आहे.

मुखत्यारपत्र केले नाही. गृहभेटीचा अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासह दिला आहे. घरी अधिकारी येणार म्हटल्यावर आईने बैठकीच्या खोलीचे पडदे धुवायला काढले आहेत.